शेजारचा ब्रेक

मास्तर माणसाची पारख पायावरून करत. म्हणजे चपला-बूट बघून नव्हे. क्लच सोडताना समोरच्याचा पाय कसा वर येतो ते बघून. पाय एकदम सुटला तर माणूस उतावळा. अर्ध्यावर थरथरला तर भित्रा, पण शिकेल. आणि सुटलाच नाही, क्लच दाबून नुसताच बसून राहिला, तर सरकारी नोकरीत. ही शेवटची पारख कधी चुकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे रस्त्याला लागून असलेली तळमजल्यावरची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, एक फळा, एकीचा दुसरीशी मेळ नाही अशा काही खुर्च्या, आणि दारात उभी पांढरी गाडी. गाडीत शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक बसवलेला. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर आपल्या बाजूने ब्रेक दाबत आणि गाडी जागच्या जागी थांबे. वरच्या मजल्यावर मास्तर, त्यांची बायको आणि एकुलती एक मुलगी राहत. बायको खालच्या खोलीत चिन्हं आणि नियम शिकवायची; तिला सगळे बाई म्हणत. रस्ता मास्तरांचा, फळा बाईंचा, अशी वाटणी लग्नानंतर कधीतरी आपोआप झाली होती आणि दोघांपैकी कोणी ती मोडायला गेलं नव्हतं.

प्रत्येक विद्यार्थ्याला मास्तर टोपणनाव ठेवत. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत वाट देणारा एक होता, तो 'देवमाणूस'. चौकात आल्यावर डोळे मिटणाऱ्या एक काकू होत्या, त्या 'समाधी'. पण मास्तरांच्या मनात दोन नावं अगदी पक्की बसली होती. एक लोणी आणि दुसरे बेडूकराव.

लोणी चार वर्षांपूर्वी शिकून गेला. पहिल्याच दिवशी त्याने गाडी अशी सोडली, की कुणाला कळलंही नाही ती कधी हलली. त्याच्यासारखा विद्यार्थी पुन्हा झाला नाही, असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बेडूकराव म्हणजे दुसरं टोक. पन्नाशीचा, काटकुळा, जाड भिंगांचा माणूस. गेलं वर्षभर येत होता. गाडी सुरू करायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, आणि गाडी एक आचका देऊन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. परीक्षेला मात्र उलटं व्हायचं. तिथे गाडी बंद न पडता टुणकन उडी मारायची. मागच्या खेपेला शेजारी बसलेल्या परीक्षकाचा चष्माच उडून मागच्या सीटवर गेला. बेडूकराव पुन्हा नापास झाले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळेवर हजर झाले.

"काय चिकाटी आहे हो माणसाला," बाई म्हणायच्या.

"चिकाटी कसली? दुसरं काही जमत नसेल," मास्तर म्हणायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तेवढ्यात मुलीचा निकाल लागला.

मुलगी हुशार होती, पण अबोल. पाहुणे आले की चहा देऊन जी आत जायची, ती पाहुणे गेल्यावरच बाहेर. तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. हे शास्त्र नेमकं कशाचं, ते मास्तरांना तिने दोनदा समजावून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी कळल्यासारखी मान हलवली होती. तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक, राज्याचं मोठं विद्यापीठ. जुनं, अवाढव्य, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला आतल्या आत बस धावते असं. दुसरं, शहराबाहेर नव्याने उभं राहिलेलं खासगी विद्यापीठ. मार्क चांगले म्हणून खासगीने सवलत देऊ केली होती, त्यामुळे खर्च दोन्हीकडे सारखाच होता आणि भांडायला तो मुद्दा उरला नव्हता. शुक्रवारपर्यंत एका ठिकाणी जाऊन नाव पक्कं करायचं होतं. नाही केलं, की जागा पुढच्याला.

मुलीचं ठरलेलं होतं. मोठं विद्यापीठ. बाईंचं जवळपास ठरलेलं होतं. अडून बसले होते ते मास्तर.

"नाव आहे मान्य," ते म्हणत. "पण नाव विद्यापीठाचं आहे. आपल्या पोरीचं तिथे नाव तरी माहीत असेल का कुणाला? एकेका वर्गात तीन-तीनशे पोरं. शिकवणारा पुढे, ही मागे. अडली तर कोण बघणार?"

"विचारीन ना मी," मुलगी म्हणाली.

"तू? दुकानात सुटे पैसे परत मागायला लाजतेस तू!"

यावर मुलगी गप्प झाली, आणि आपला मुद्दा सिद्ध झाला असं मास्तरांना वाटलं.

मास्तरांच्या या हट्टामागे एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने गडबडीत ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. समोर शाळा सुटलेली. मास्तरांचा ब्रेक वेळेवर लागला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण त्या दिवशी मास्तर घरी येऊन नुसते पाण्याचा पेला हातात धरून बसले होते, जेवले नाहीत. तेव्हापासून ते एकच गोष्ट धरून होते. माणूस शिकत असताना शेजारी कुणीतरी हवं, आणि त्या कुणाचा तरी पाय ब्रेकवर हवा. तीनशे पोरांच्या वर्गात एवढे पाय आणायचे कुठून?

त्यातून लोणी होता त्या खासगी विद्यापीठात, प्रवेश विभागात. निरोप मिळाल्याबरोबर स्वतः गाडी घेऊन आला. गल्लीतल्या दोन उभ्या गाड्यांच्या मधोमध त्याने आपली गाडी एका दमात मागे घेऊन लावली, आणि ते बघूनच मास्तर निम्मे विरघळले.

"काका, तुम्ही काळजीच करू नका," खुर्चीत बसता बसता लोणी म्हणाला. "आमच्याकडे वीस मुलांमागे एक शिक्षक. प्रत्येक वर्ग वातानुकूलित. आणि मी आहे ना! डोळे झाकून पाठवा."

"डोळे झाकून?" बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या. "यांनी तुला गाडी शिकवताना दुसरंच काहीतरी सांगितलं असेल बाबा."

लोणी मनमोकळं हसला. मुलगा वाईट नव्हता. जाताना बाईंच्या पाया पडला, मुलीला पेन दिलं. पेनावर विद्यापीठाचं नाव होतं. मुलीने त्याला एवढंच विचारलं, "तिथे संख्याशास्त्र कोण शिकवतं?" लोणी म्हणाला, "चांगले चांगले लोक आहेत. नावं कळवतो तुला." ती नावं काही आली नाहीत. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती एका दमात लागलेली गाडीच होती.

तरी न्यायाला न्याय म्हणून त्यांनी मोठ्या विद्यापीठाचीही चौकशी केली. त्यांची पद्धत ठरलेली. गाडी चालवणारा विद्यार्थी वळणावर आला की ते प्रश्न टाकत. त्यांचा सिद्धांत असा, की नवशिक्याला एका वेळी एकच काम जमतं. हातात स्टिअरिंग असताना त्याला खोटं रचायला सवड मिळत नाही.

"मोठं विद्यापीठ कसं आहे हो?" त्यांनी एका बँकेतल्या बाईंना वळणावर विचारलं.

"फार नाव आहे—अगंबाई, इंडिकेटर!—माझा भाचा तिथलाच. परदेशी गेला."

"आणि शिकवतात कसं?"

"ते नाही विचारलं कधी."

देवमाणसाने सांगितलं की तिथल्या पदवीला वजन आहे, पण त्याच्या शेजाऱ्याची मुलगी वर्षभरात परत आली. औषधाच्या दुकानवाल्याचं म्हणणं पडलं की पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वी कसं होतं, तर ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो कधी तिकडे गेलाच नव्हता. चार दिवस चौकशी करून मास्तरांच्या हाती काय लागलं, तर नाव मोठं आहे. ते त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

बुधवारी संध्याकाळी मुलगी जिन्यावरून धावत खाली आली. हातात फोन.

"बाबा, हे बघा! हे तुमचे बेडूकराव ना?"

मास्तरांनी फोन लांब धरून पाहिला. तीच जाड भिंगं, तोच काटकुळा गळा. फोटोखाली लिहिलं होतं, प्राध्यापक, संख्याशास्त्र विभाग. मोठ्या विद्यापीठाचा विभाग.

मास्तर असे हसत सुटले, की बाईंना वाटलं ठसका लागला.

"संपलं!" डोळे पुसत ते म्हणाले. "ज्या विद्यापीठाचे प्राध्यापक बेडूकराव, तिथे माझी पोरगी पाठवू होय? अगं, गाडी चालवायला लागतं काय? डोळे, हातपाय आणि अक्कल. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी आहेत त्यांच्याकडे."

"बाबा, ते मला गाडी नाही शिकवणार."

"पण शिकायला तर हवं ना स्वतःला! वर्षभर एक क्लच शिकता येत नाही. ज्याला शिकता येत नाही, तो शिकवणार काय? आणि लोणी बघ..."

"लोणी तरी कुठे शिकवतो? तो फक्त बोलावतो," मुलगी म्हणाली, आणि फोन ओढून घेऊन वर निघून गेली. जाताना पाय आपटत गेली. अबोल पोरीचं भांडण तेवढंच असतं, पण प्रत्येक पायरीवर ऐकू येतं.

बाईंनी तक्त्यावरच्या लाल, आठ कोनांच्या चिन्हाकडे बोट दाखवलं.

"हे आठ कोनांचं का असतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"थांबा म्हणून."

"ते झालं काय लिहिलंय ते. आठ कोन का? गोल का नाही?"

मास्तरांना सांगता येईना.

"मलाही येत नव्हतं. इतकी वर्षं शिकवतेय मी हा तक्ता, कुणी विचारलं नाही. तुमच्या बेडूकरावांनी विचारलं, पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाले, बघू या का आपण विचार करून? आणि फळ्यापाशी जाऊन सगळ्यांना विचारत सुटले. पाटीवर धूळ बसली तर? अंधारात अक्षरं दिसली नाहीत तर? उलट बाजूने येणाऱ्याला पाटीची नुसती पाठ दिसली तर? शेवटी ती समाधी काकू ओरडली, अहो, आकारावरून कळेल! असा आकार दुसऱ्या कुठल्या पाटीचा नाहीच! काय खूश झाली होती ती. स्वतः शोधून काढल्यासारखी."

"मग? सांगून टाकायचं ना सरळ. त्यांना आधीपासून माहीत असणार."

"असणारच," बाई म्हणाल्या. "तरी नाही सांगितलं. तेच म्हणतेय मी."

मास्तरांनी हात झटकला. "फळ्यावर सगळेच शहाणे असतात. रस्त्यावर कळतं." पण रात्रीचं जेवण तिघांनी गुपचूप उरकलं आणि ताटं जरा जास्तच लवकर उचलली गेली.

गुरुवारी सकाळी बेडूकरावांची वेळ होती. मास्तरांनी ठरवलं, आज या माणसालाच वळणावर घ्यायचं.

गाडी सुरू झाली, आचका देऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या खेपेला हलली आणि घरघरत मोठ्या रस्त्याला लागली. नेहमीसारखीच. बेडूकराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, मान पुढे काढून बसले होते.

"सर," मास्तर म्हणाले, "तुमचं विद्यापीठ म्हणे फार नावाजलेलं आहे. ओळखीच्यांची एक मुलगी आहे, तिला तुमच्याच विभागात जागा मिळालीय. आईबाप विचारत होते. खरंच तेवढं चांगलं आहे का?"

"नाव मोठं आहे," बेडूकराव रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले. "जुनं आहे, माणसं खूप आहेत. एवढ्या माणसांत काही फार चांगली निघतातच. काही नाही निघत. नावावरून एका वर्गाचं कळत नाही, मास्तर. डावीकडे?"

"सरळच. आणि मुलगी बुजरी आहे म्हणे. हरवेल का तिथे?"

लोणी असता तर म्हणाला असता, छे हो काका. बेडूकरावांनी आधी चौक ओलांडला.

"हरवेल," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी पुष्कळ हरवतात. मीही हरवलो होतो, मी तिथेच शिकलो. कोणी हात धरून नेत नाही. दारं मात्र उघडी असतात. माझं तर असतंच, कारण त्याची कडी मोडलीय आणि अर्ज करून दमलो मी. ज्याला अडलंय तो येतो. सगळे येत नाहीत, हेही खरं आहे."

मास्तरांना राग यायला हवा होता की बरं वाटायला, तेच त्यांना कळेना. एवढं खरं बोलणारा माणूस प्रवेश विभागात एक दिवस टिकला नसता.

तेवढ्यात सिग्नल लागला. थांबले. हिरवा झाला आणि गाडी आचका देऊन बंद. मागून हॉर्न वाजले. मास्तर नेहमीचं वाक्य म्हणाले, "वाजवू देत. पुन्हा सुरू करा, घाई नाही." गाडी दोन खेपांत सुटली.

"मास्तर," बेडूकराव म्हणाले, "जरा त्या रिकाम्या मैदानात घेऊ का? एक विचारायचं होतं."

मैदानात एका कोपऱ्यात कुणीतरी सायकल शिकत होतं, बाकी कोणी नाही. बेडूकरावांनी गाडी थांबवली, हातरुमालाने चष्मा पुसला.

"रागावू नका. मी वर्षभर एकेक गोष्ट बदलून बघतोय. बूट बदलले. सीट पुढे घेऊन पाहिली, मागे घेऊन पाहिली. चष्म्याचा नंबर तपासला. सकाळची वेळ घेतली. एका वेळी एकच बदलायचं, म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं. सगळं बदलून झालं. एकच राहिलंय."

"काय?"

"तुम्ही थोडा वेळ मांडी घालून बसाल का?"

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मांडी?"

"सीटवर. दोन्ही पाय वर घेऊन. मैदान मोकळं आहे, मी एका गोलातच फिरेन. आणि हा हँडब्रेक आहेच तुमच्या हाताशी."

"अहो सर, मी इतकी वर्षं गाडी शिकवतोय..."

"म्हणूनच विचारतोय. मला शिकायचंय."

त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. टोमणा असता तर मास्तर तिथेच गाडीतून उतरले असते. त्यांनी कुरकुरत पाय वर घेतले. गुडघा दाराला लागला, दुसरा गिअरपर्यंत आला, तो त्यांनी हाताने आवरून धरला. आपण खुर्चीत बसवलेल्या लहान मुलासारखे दिसत असणार, हे त्यांना समोरच्या काचेतल्या आपल्याच पुसट प्रतिबिंबावरून कळत होतं.

"आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवर नेहमीपेक्षा पाय हलका ठेवतो," बेडूकराव म्हणाले.

गाडी सुरू झाली. पहिला गिअर. क्लच हळूहळू वर आला.

गाडी निघाली. आचका नाही, उडी नाही. मैदानावरची माती चाकांखाली करकरली, तेवढाच आवाज. बेडूकरावांनी एक पूर्ण गोल मारला, थांबले, पुन्हा निघाले. पुन्हा थांबले, पुन्हा निघाले. लोणी याहून वेगळं काही करत नसे.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. पाय खाली सोडायची त्यांना इतकी अनावर इच्छा होत होती, की त्यांनी दोन्ही हातांनी घोटे पकडून ठेवले. आणि घोटे पकडावे लागताहेत, हे लक्षात आलं तेव्हाच सगळं उलगडलं.

"केव्हा कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या आठवड्यात. आपण त्या आरशांच्या दुकानापुढे थांबलो होतो. माझा पाय ब्रेकवरून निघाला होता, मी निघायच्या तयारीत होतो. दुकानाच्या काचेत आपल्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसत होता. पेटलेला. मी म्हटलं, पाय माझा नाही, मग दिवा कुणाचा?"

मास्तर गाडीचं शास्त्र कोळून प्यालेले. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ब्रेकवर नुसता टेकलेला पाय असला तरी चाकं जखडतात. नवशिक्याने नियमाप्रमाणे क्लच सोडला की गाडी बंद पडते. ती बंद पडू नये म्हणून तो बिचारा अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. आणि परीक्षेत, जिथे शेजारी मास्तरांचा पाय नसतो, तिथे तोच जास्तीचा जोर गाडीला उडी मारायला लावतो. बेडूकराव बेडूक नव्हते. त्यांना मास्तरांनी बेडूक केलं होतं.

आणि एकटे बेडूकराव तरी का? दोन वर्षांत परीक्षेतून परत येणारी तोंडं एकेक करून आठवायला लागली. 'आजकालच्या पोरांत लक्षच नाही,' असं ते प्रत्येकाला म्हणाले होते. गॅरेजवाला दर खेपेला म्हणायचा, मास्तर, ब्रेकचे पॅड एवढ्यात झिजले कसे? त्यालाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. लोणी चार वर्षांपूर्वी शिकला. शाळेपुढच्या त्या दिवसाच्या आधी. तेव्हा मास्तरांचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी असायचा, ब्रेकवर टेकलेला नव्हे.

"आठवडाभर बोलला का नाहीत मग?" मास्तरांचा आवाज जरा चढलाच.

"एकदाच दिसलं होतं. एकदा दिसलेल्यावरून काही ठरवू नये, असं मी मुलांना सांगतो. म्हणून आठवडाभर वाटेतल्या दुकानांच्या काचांत बघत होतो." बेडूकराव थोडं अडखळले. "आणि सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं नसतं."

मास्तरांनी पाय खाली सोडले. मुंग्या आल्या होत्या. बराच वेळ ते चोळत बसले. सायकलवाला तिकडे एकदा पडला, उठला, पुन्हा बसला.

"ती मुलगी माझीच आहे," शेवटी ते म्हणाले.

"मला वाटलंच," बेडूकराव म्हणाले. "ओळखीच्यांच्या मुलीसाठी कुणी एवढा घाम पुसत नाही." मग थोडं थांबून, "पण मास्तर, माझ्यावरून विद्यापीठ ठरवू नका. वाईट म्हणूनही नको आणि आता चांगलं म्हणूनही नको. मी एकटा आहे. तिथे पाचशे शिक्षक आहेत. तिला घेऊन या, वर्गात मागे बसू द्या. तिला काय वाटतं ते बघा."

परतताना गाडी बेडूकरावांनीच चालवली. मास्तर आपला पाय चटईवर दाबून बसले होते. दोनदा तो उचलला गेला, दोनदा त्यांनी तो परत ठेवला. तिसऱ्यांदा तो ब्रेकवर गेलाच, आणि गाडी बंद पडली. "हा माझा," मास्तर म्हणाले, आणि दोघेही हसले.

बाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. गाडी लागली, बेडूकराव नमस्कार करून गेले. मास्तरांनी आत येऊन सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, एखाद्या अपघाताची खबर द्यावी तसं. बाई ऐकत राहिल्या.

"मला दिसायचा तो दिवा," त्या म्हणाल्या. "गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत पेटलेला असायचा. मला वाटायचं, शिकणाऱ्याचा पाय असेल."

"मलाही तेच वाटायचं."

"तुम्हाला कसं वाटेल? पाय तुमचा होता!"

मास्तर खुर्चीत बसले. बाईंनी समोर पाण्याचा पेला ठेवला, तसाच, जसा दोन वर्षांपूर्वी ठेवला होता. या वेळी ते प्यायले.

"हरवेल म्हणाले ते. तोंडावर सांगितलं."

"हरवेल की. आणि विचारत विचारत येईल परत वाटेला. आपण हरवलो नव्हतो का, या शहरात आलो तेव्हा? तुम्ही तर स्टेशनातून बाहेर पडायचं दार शोधत होता."

"तेव्हा तू होतीस शेजारी."

"मी काय ब्रेक लावत होते?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. मुलगी आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले, भांडायच्या तयारीत.

"तुझा तो शिकाऊ परवाना कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं.

ती गोंधळली. वाढदिवसाला तो काढून दिला होता आणि तेव्हापासून 'सवडीने शिकवतो' म्हणून मास्तरांनी तो कपाटात ठेवून दिला होता. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या मुलीला गाडी येत नव्हती, यावर गल्लीत विनोद चालत.

"कपाटात. का?"

"उद्या विद्यापीठात जायचंय ना? नाव पक्कं करायला."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? मोठ्या. दुसरं कुठलं?" मास्तर असे चिडून म्हणाले, की जणू चार दिवस बाकीचेच आडवे आले होते.

संध्याकाळी त्यांनी लोणीला फोन केला. तो दुखावला नाही. दुखावल्यासारखं बोलला, पण तेही गोडच. "पेन मात्र राहू दे तिच्याकडे," म्हणाला. मग मास्तरांनी मुलीला मैदानात नेलं आणि दिवेलागणीपर्यंत गोल गोल फिरवलं.

शुक्रवारी सकाळी सोप्या, रुंद रस्त्याने पांढरी गाडी निघाली. वर 'शिकाऊ' पाटी. मुलगी स्टिअरिंगवर, शेजारी मास्तर मांडी घालून, मागे बाई, मांडीवर कागदांची पिशवी. विद्यापीठाच्या फाटकापाशी ही गर्दी! बसमधून पोरं उतरताहेत, आईबाप पोरांना शोधताहेत, पोरं आईबापांना टाळताहेत. फाटकाच्या अगदी तोंडाशी मुलीने क्लच जरा लवकर सोडला आणि गाडी बंद पडली.

मागे एक बस उभी होती. तिने हॉर्न दिला. मग दुसऱ्या कुणीतरी. मुलीचे कान लाल झाले.

"बाबा..."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा उजवा पाय मांडीतून सुटून हळूच खाली निघाला होता.

"पाय," मागून बाई म्हणाल्या.

पाय वर गेला. मुलीने किल्ली फिरवली.